अम्रामची शिडी: ज्यू धर्मशास्त्रातली स्त्री-पुरुष मर्यादा

तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातली एक गोष्ट आधी सांगते. बाबिलोनमधलं नेहार्देआ नावाचं गाव. कैदेत सापडलेल्या काही ज्यू बायकांना सोडवून तिथे आणलं होतं. त्यांना उतरवायचं कुठे? गावात रव अम्राम नावाचा माणूस होता, इतका सचोटीचा की लोक त्याला ‘हसीदा’, म्हणजे पुण्यशील म्हणत. त्याच्या घराच्या माळ्यावर बायकांची सोय केली आणि शिडी काढून बाजूला ठेवली. शिडी अशी जड की दहा माणसांनाही उचलायची नाही. रात्री वरच्या झरोक्यापाशी एक बाई येऊन गेली आणि खाली उजेड पडल्यासारखं झालं. अम्राम उठला. दहा जणांना न पेलणारी शिडी त्यानं एकट्यानं उचलली, लावली आणि चढायला लागला. अर्ध्यावर गेल्यावर त्यानं पाय रोवले आणि होता तेवढा जोर लावून ओरडला, “अम्रामच्या घराला आग लागली!” गावातले पंडित धावत आले. बघतात तर आग नाही, अम्राम शिडीवर. ते म्हणाले, तू आमची मान खाली घालायला लावलीस. त्यानं उत्तर दिलं, अम्रामच्या घरापायी तुम्हाला या जगात लाज वाटलेली बरी, परलोकात नको.

स्त्री आणि पुरुषानं बंद जागेत एकांतात राहू नये या नियमाची चर्चा जिथे चालू आहे, तिथेच ही गोष्ट तालमुदात येते. त्यात अम्रामला खलनायक केलेलं नाही आणि त्या बाईला तर कुणी एका शब्दानंही दोष दिलेला नाही. सांगायचं आहे ते इतकंच, की गावातल्या सगळ्यांत भल्या माणसालाही शिडी उचलावीशी वाटू शकते. म्हणून नियम माणसाच्या चांगुलपणावर टेकवून ठेवायचा नाही. तो दारावर, भिंतीवर, शिडीवर टेकवायचा.

ज्यू धर्मात स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसं वागावं याबद्दलचे जे असंख्य नियम आहेत, ते समजून घ्यायला मला ही शिडीच सगळ्यांत उपयोगी पडली. बाहेरून बघताना आपल्याला दिसतात लांब बाह्या, बांधलेलं डोकं, हस्तांदोलनाला नकार, प्रार्थनास्थळात वेगळ्या जागा. मग आपण पटकन म्हणून मोकळे होतो की ‘कर्मठ लोक, बायकांना दाबून ठेवतात’. दाबून ठेवल्याची उदाहरणं आहेत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण मूळ शास्त्र काय म्हणतं आणि लोकांनी त्याचं काय केलं, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर चित्र बरंच बदलतं.

थोडी पार्श्वभूमी हवी. ज्यू धर्मशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. शब्दाचा धातू ‘चालणं’ हा, म्हणजे हलाखा म्हणजे चालायची वाट. पाया तोरा, म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ. त्यावर इ.स. 200च्या सुमाराला संकलित झालेला मिश्ना, मग मिश्नावरच्या चर्चांचा अफाट साठा म्हणजे तालमुद, आणि मग मध्ययुगातले मोठे पंडित. 1565 साली व्हेनिसमध्ये ‘शुलखान आरुख’ नावाची संहिता पहिल्यांदा छापली गेली. ‘मांडलेलं ताट’ असा त्या नावाचा अर्थ. लेखक योसेफ कारो हे गालिलीतल्या त्स्फात गावचे. आजही ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ज्यू माणसाला ‘हे चालेल का?’ असा प्रश्न पडला की शोध याच साखळीतून फिरतो. आणि या साखळीत मतभेद पुसून टाकत नाहीत. हरलेलं मतही शेजारी लिहून ठेवतात. त्यामुळे ‘ज्यू धर्म असं सांगतो’ असं एका वाक्यात काही सांगायला गेलं की बहुतेक वेळा ते अर्धवट ठरतं.

या सगळ्या नियमांना मिळून म्हणतात ‘त्झनियुत’. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ बायकांच्या कपड्यांपुरता वाटतो. पण त्याचं मूळ बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या एका वचनात आहे. माणसाकडून देवाला काय हवं? न्यायानं वागावं, दयेवर प्रेम करावं आणि देवाबरोबर ‘हात्झनेआ लेखेत’, गाजावाजा न करता चालावं. हे सगळ्या माणसांना सांगितलेलं आहे. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, ‘मर्यादा’. हद्द आणि अदब, दोन्ही अर्थ त्यात येतात.

मर्यादेची सुरुवात कपड्यांपासून होत नाही, नजरेपासून होते. आणि नजरेचा सगळ्यांत सुंदर नियम सापडतो तो जागा-मालमत्तेच्या कायद्यात. मिश्ना सांगतो, सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर आपलं दार आणि त्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी काढू नये. तालमुदात यावरून ‘हेझेक रेइया’ अशी संकल्पना निघते. बघण्यामुळे होणारं नुकसान. कुणाच्या घरात सतत नजर जाईल अशी खिडकी ठेवणं हे भिंत पाडण्यासारखंच नुकसान मानून भरपाईची, आडभिंत बांधायची भाषा होते. चाळीत दारासमोर दार घेऊन वाढलेल्या कुणालाही हे नुकसान समजावून सांगायला नको. सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात शिरताना ज्यू लोक ‘मा तोवू’ ही प्रार्थना म्हणतात, ‘याकोबा, तुझे तंबू किती छान’. तंबू छान का, तर शाप द्यायला आलेल्या बिलाम नावाच्या परक्या भविष्यवेत्त्याला दिसलं की कुठल्याही तंबूचं दार दुसऱ्याच्या दारासमोर नाही, असं तालमुद सांगतं.

याच धाग्यातला दुसरा नियम बघा. नदीवर बायका कपडे धुतायत, कपडे वर खोचलेले आहेत. पुरुषाला तिथून जायचंय. दुसरी वाट असताना तो तिथून गेला, तर मान खाली घालून गेला तरी तो दुष्ट. दुसरी वाटच नसेल तर नाइलाज, पण नजर वळवायची. बायकांनी काय करावं? काहीच नाही, त्यांनी धुणं धुवावं. वाट बदलायची जबाबदारी जाणाऱ्याची. हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबून पुन्हा वाचला होता, कारण आपल्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, प्रत्यक्षात याच्या उलटच सांगितलेलं मी ऐकत आले होते.

आता अम्रामच्या शिडीचा नियम. त्याला ‘यिखुद’ म्हणतात, म्हणजे एकांत. नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषांनी, जिथे कुणी अचानक येऊ शकणार नाही अशा बंद जागेत एकटं राहायचं नाही. आई-मुलगा, बाप-मुलगी यांना सूट, भाऊ-बहिणीला थोड्या काळापुरती. मिश्नाच्या मूळ नियमात एक पुरुष आणि दोन बायका चालत नाहीत, पण एक बाई आणि दोन पुरुष चालतात. पुढच्या पंडितांना ही सूट फार ढिली वाटली आणि त्यांनी ती आवळत नेली.

हा नियम कुठून आला याची तालमुदानं दिलेली एक पायरी अंगावर काटा आणते. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आजारी असल्याचं सोंग घेतो. सावत्र बहीण तामार हिला बोलावतो, तिच्या हातचं खायचंय म्हणतो. ती त्याच्यासमोर कणीक मळते, पोळ्या भाजते. मग तो सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगतो. दार बंद होतं. ती नाही म्हणत राहते आणि तो तिच्यावर बलात्कार करतो. नंतर तिलाच बाहेर काढून मागून कडी घालायला लावतो. तालमुद म्हणतं, विवाहितेबरोबरचा एकांत आधीपासून वर्ज्य होताच. या घटनेनंतर दावीद आणि त्याच्या न्यायमंडळानं अविवाहित मुलीबरोबरच्या एकांतालाही बंदी घातली. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या आठवणीत हा नियम एका मुलीवर झालेल्या अत्याचारातून वाढलेला आहे, आणि तो अत्याचार घरातल्याच, विश्वासातल्या माणसानं केलेला आहे.

मग व्यवहारात काय करायचं? इथे हलाखा अगदी बारकाव्यात शिरते. दार रस्त्याकडे उघडं असेल तर तो एकांत नाही. दार लोटलेलं आहे पण कुलूप नाही आणि कुणीही आत येऊ शकतं, तर बहुतेक पंडितांच्या मते चालतं. बाईचा नवरा गावातच असेल तर तो कधीही येईल हा धाक पुरतो. मात्र तो पुरुष तिच्या लहानपणापासूनच्या सलगीतला असेल तर हा धाक धरायचा नाही. डॉक्टरची खोली, शिकवणी, रात्रपाळीचं ऑफिस, टॅक्सी, मुलं सांभाळायला येणारी मुलगी, या प्रत्येकावर प्रश्न विचारले गेलेत आणि उत्तरं लिहिली गेलीत. सीसीटीव्ही कॅमेरा ‘उघडं दार’ धरायचा का, हा आजच्या पंडितांचा प्रश्न. वर्गाच्या किंवा कार्यालयाच्या दाराला काच बसवणं हा त्यातला सगळ्यांत साधा उपाय.

आणि लिफ्ट? त्यासाठी कामाला येतं एक अंडं. एकांत ‘एकांत’ ठरायला किमान किती वेळ लागतो, यावर जुन्या ऋषितुल्य रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी मापं दिली आहेत. एक म्हणतो खजुराच्या झाडाला फेरी मारण्याइतका, दुसरा म्हणतो पेला तयार करण्याइतका, तिसरा पेला पिण्याइतका. बेन अझ्झाय म्हणतो अंडं भाजण्याइतका, रब्बी अकिवा म्हणतो ते गिळण्याइतका. घड्याळ नसलेल्या काळात वेळ मोजायची ही घरगुती भाषा. आपल्याकडे ‘पान लावून होईपर्यंत’ म्हणतात तशीच. पुढच्या अनेक पंडितांनी हे माप काही मिनिटांचं धरलं आणि त्या हिशोबानं लिफ्टमधला प्रवास बहुतेकांच्या मते यिखुदमध्ये बसत नाही.

स्पर्शाच्या नियमाला ‘नेगिया’ म्हणतात. तोरातल्या लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात वर्ज्य नात्यांची यादी आहे, तिथे ‘जवळ जाऊ नका’ असा शब्द येतो. बाराव्या शतकातले मैमोनिदीस म्हणाले, आसक्तीनं केलेला स्पर्श हाच इथे थेट निषिद्ध आहे. तेराव्या शतकातले नाहमानिदीस म्हणाले, तसं नाही, तोरानं फक्त संबंध वर्ज्य केलाय, स्पर्शाची बंदी रब्बींनी घातलेलं कुंपण आहे. दोघांच्याही वादात कळीचा शब्द आहे ‘आसक्तीनं’. म्हणून नाडी बघणारा डॉक्टर या नियमात येत नाही. विसाव्या शतकातले न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांना विचारलं गेलं की भुयारी रेल्वेच्या गर्दीत बायकांना अंग लागतंच, मग कामावर जायचं की नाही? त्यांचं उत्तर, जा, तो स्पर्श आसक्तीचा नाही. हस्तांदोलनाबाबत मात्र त्यांना सूट द्यायला आधार कमी वाटला. इतर काही पंडित म्हणतात, समोरच्यानं हात पुढे केलाच तर मागे घेऊन त्याचा अपमान करू नये, माणसाचा मान हीसुद्धा हलाखाच आहे.

मला स्वतःला हा अनुभव एकदा आला. कामानिमित्त आलेल्या एका दाढीवाल्या, किप्पा ही छोटी गोल टोपी घातलेल्या गृहस्थांपुढे मी हात केला. त्यांनी आपला हात छातीवर ठेवला आणि किंचित वाकले. क्षणभर माझ्या गालावर रक्त चढलं. मग मी हात जोडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती अजून आठवते. दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या आधी नमस्कार करून मोकळे झाले. माझ्या आजीनंही कधी परपुरुषाच्या हातात हात दिला नव्हता, आणि त्यात कुणाचा अपमान आहे असं तिला कधी वाटलं नाही.

पण नियम डोळे झाकून पाळणाऱ्यालाही तालमुद झोडतं. बाई नदीत बुडतेय आणि हा काठावर म्हणतो, तिच्याकडे बघणं योग्य नाही, मी कसा वाचवू? अशा माणसाला तालमुदानं नावच ठेवलंय, ‘हासिद शोते’, भक्त पण मूर्ख. आणि जगाचा नाश करणाऱ्यांच्या यादीत त्याला बसवलंय.

बोलण्यालाही मर्यादा आहे. मिश्नातच एक वचन आहे की स्त्रीशी फार गप्पा मारू नयेत. त्यावरचा किस्सा ब्रुरिया या विदुषीचा. गालिलीचे रब्बी योसे वाटेनं जाताना तिला विचारतात, “लोदला जायचं तर आम्ही कुठल्या वाटेनं जावं?” ती म्हणते, “वेड्या गालिलीकरा, बायकांशी कमी बोलावं म्हणतात ना? ‘लोदला कुठून?’ एवढं पुरलं असतं.” पुरुषांनी केलेला नियम एका बाईनं पुरुषालाच शिकवला आणि पुरुषांनीच तो प्रसंग जपून लिहून ठेवला. मला या परंपरेतली ब्रुरिया फार जवळची वाटते.

कपडे आणि केस यांवर मात्र आज सगळ्यांत जास्त बोललं जातं. ऑर्थोडॉक्स बायका साधारणपणे गळपट्टीची हाडं, कोपर आणि गुडघे झाकले जातील असे कपडे घालतात. याचं तालमुदातलं मूळ पाहिलं तर ते वेगळ्याच संदर्भात आहे. पुरुषानं ‘शेमा’ ही रोजची प्रार्थना कशासमोर म्हणू नये, या चर्चेत एकजण म्हणतो स्त्रीचा चार बोटं उघडा देह, एकजण म्हणतो मांडी, एकजण म्हणतो आवाज, एकजण म्हणतो केस. म्हणजे आधी हा प्रश्न पुरुषाचं चित्त कुठे असावं याचा होता. त्यातूनच पुढे बाईनं काय घालावं याची मापं निघाली. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर असं नकळत सरकत गेलं, आणि मला वाटतं या सगळ्या विषयातली खरी दुखरी जागा तीच आहे.

विवाहित बाईनं केस झाकायचे, हा नियम तोरातल्या गणना ग्रंथातल्या एका प्रसंगातून काढला आहे. याजक एका बाईचे केस मोकळे करतो असा तिथे उल्लेख आहे. मोकळे करतो, तर एरवी ते बांधलेले, झाकलेले असणार, असा तर्क. कुणी रुमाल बांधतं, त्याला ‘टिखेल’ म्हणतात. कुणी टोपी घालतं. कुणी ‘शेटल’, म्हणजे केसांचा टोप वापरतं. टोपावरून पंडितांत उभी फूट आहे. स्वतःच्या केसांपेक्षा सुंदर दिसणारा टोप घातला तर झाकलं काय, असं रब्बी ओवादिया योसेफ यांच्यासारख्यांचं म्हणणं. उलट लुबाविच पंथाच्या रब्बींनी टोपाचाच आग्रह धरला, कारण रुमाल सरकतो, लोकांत गेल्यावर काढावासा वाटतो.

या टोपांचा धागा थेट आपल्या देशात येतो. 2004 साली कळलं की बाजारातल्या पुष्कळ टोपांचे केस तिरुपतीहून येतात, भाविकांनी मुंडन करून दिलेले. ज्यू शास्त्रात दुसऱ्या देवतेला अर्पण केलेल्या वस्तूचा कुठलाही उपभोग घेता येत नाही. मग प्रश्न आला: हे केस देवाला ‘वाहिलेले’ आहेत की नवसाचा भाग म्हणून नुसते ‘उतरवलेले’? लंडनहून एक रब्बी प्रत्यक्ष तिरुपतीला जाऊन बघून आले. जेरुसलेमचे वृद्ध रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की हे अर्पणच, टोप वापरता येणार नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि इस्रायलमध्ये बायकांनी रस्त्यावर महागडे टोप आणून जाळले. दुसऱ्या पंडितांनी वेगळा निष्कर्ष काढला. ज्यांच्या घरात नवसाचं मुंडन झालंय त्यांना माहीत आहे की या प्रश्नाचं उत्तर घरातल्या चार माणसांनाही एकसारखं देता येत नाही. केस दिले, अहंकार उतरवला, ऋण फेडलं, की फक्त बोललेलं पुरं केलं? शास्त्रकाराला मात्र यातलं एक निवडावं लागलं. तेव्हापासून टोपांवर ‘भारतीय केस नाहीत’ असं प्रमाणपत्र दिसू लागलं.

केस झाकण्याच्या पुण्याबद्दल तालमुदात किमहित नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिचे सातही मुलगे महायाजक झाले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या घराच्या तुळयांनीही माझ्या वेण्या पाहिल्या नाहीत. ही गोष्ट आज मुलींना आदर्श म्हणून सांगतात. पण तालमुदातलं पंडितांचं पुढचं वाक्य सांगायचं राहून जातं. ते म्हणाले, असं पुष्कळ जणींनी केलं, त्याचा उपयोग झाला नाही.

आवाजाचा नियम म्हणजे ‘कोल इशा’. पुरुषानं परस्त्रीचं गाणं ऐकू नये असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ज्यू तरुण मुलं-मुली एकत्र भक्तिगीतं म्हणत, तेव्हा रब्बी येहिएल याकोव वाइनबर्ग यांनी त्याला परवानगी दिली, एक कारण असं की मुलींना गप्प बसवलं तर त्या धर्मापासून तुटतील. 2011 साली इस्रायली लष्कराच्या एका कार्यक्रमात बायका गायला लागल्यावर काही धार्मिक कॅडेट उठून गेले आणि मोठा वाद झाला. दोन्ही बाजू एकाच नियमाकडे बोट दाखवतात.

प्रार्थनेत स्त्री-पुरुष वेगळे बसतात, मध्ये ‘मेखित्झा’ म्हणजे आडोसा असतो किंवा बायकांसाठी वर सज्जा असतो. त्याचं मूळ जेरुसलेमच्या मंदिरात सणाच्या रात्रीच्या जल्लोषासाठी बांधलेल्या सज्जात आहे. पुढे तालमुदातल्या पंडितांपैकी अबाये मातीच्या घड्यांची रांग मांडायचा, रावा वेताचा आडोसा करायचा. कुणी ओलांडलं तर घड्यांचा आवाज होईल, एवढी साधी युक्ती. 1851 साली अमेरिकेतल्या ऑल्बनीत रब्बी आयझॅक मेयर वाइज यांच्या सिनेगॉगमध्ये कुटुंबं एकत्र बसू लागली, आणि रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी ज्यूंमध्ये आडोसा गेला. ऑर्थोडॉक्सांत तो आहे. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी बायकांनी मोठ्यानं तोरा वाचण्याच्या हक्कासाठी 1988पासून लढा चालू आहे.

हा सज्जा बघायला मुंबईकराला दूर जायला नको. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली मांडवीत उभं राहिलं. मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात, कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बेने इस्रायल मावशी सणाला निघाल्या की पायरीवरच पदर डोक्यावर घ्यायच्या. “मशिदीत चाललेय,” म्हणायच्या. वरून सगळं दिसतं, खाली बसलेल्यांना फक्त एकमेकांच्या पाठी दिसतात, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्याकडे टिखेल नव्हता, शेटल नव्हता. साडी होती आणि पदर होता. शास्त्रातही केसांबद्दलच्या नियमांचा एक भाग तोरातला मानतात आणि दुसरा ‘दात येहुदित’, म्हणजे ज्यू बायकांची त्या त्या ठिकाणची रीत. कोकणातल्या बायकांची रीत कोकणातलीच असणार.

आता, जिथे हे सगळं बिघडतं तिथे येते. 2011 साली ब्रुकलिनमधल्या एका यिडिश साप्ताहिकानं व्हाइट हाउसच्या गाजलेल्या छायाचित्रातून हिलरी क्लिंटन यांना पुसून टाकलं, कारण बाईचा फोटो छापायचा नाही. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. इस्रायलमधल्या काही बसमार्गांवर बायकांना मागच्या बाजूला बसायला लावत. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही सक्ती बेकायदा ठरली. 2017 साली जेरुसलेमच्या न्यायालयानं सांगितलं की शेजारी पुरुषाला चालत नाही म्हणून विमानात बाईला जागा बदलायला सांगणं हा भेदभाव आहे. अंगभर कपडे घातलेल्या शाळकरी मुलीवरही ‘पुरेसं झाकलं नाही’ म्हणून माणसं थुंकली आहेत. नदीवरच्या धुणाऱ्या बायकांचा नियम यांना कुणी शिकवला नाही का, असं मला रागानं विचारावंसं वाटतं. दुसरी वाट असताना तू तिथून का गेलास, हा प्रश्न तालमुदानं पुरुषाला विचारलेला आहे. बाईला फोटोतून पुसा, बसच्या मागे बसवा, असं कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही. धार्मिक ज्यू बायकाच आज हे सगळ्यांत ठामपणे सांगतायत, आणि तेही तालमुद शिकून.

एक गैरसमज आपल्या लोकांचा हमखास होतो, म्हणून सांगते. पाळीचे दिवस आणि नंतरचे सात दिवस ज्यू नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करत नाहीत. मग ती ‘मिक्वे’ या स्नानकुंडात बुडी मारते आणि स्पर्श पुन्हा सुरू होतो. हे ऐकून आपल्याला ‘बाहेरची’ बसणं आठवतं. पण हलाखेत त्या दिवसांत तीच स्वयंपाक करते आणि तोराच्या गुंडाळीला हात लावू शकते, कारण तोराला विटाळ होत नाही असं शास्त्र स्पष्ट सांगतं. काही समाजांत बायका रिवाजानं सिनेगॉगपासून दूर राहिल्या, हेही खरं. पण नियमाचा रोख नवरा-बायकोच्या देहसंबंधावर आहे, बाईच्या सावलीवर नाही.

आणि त्या संबंधाबद्दल शास्त्र लाजत नाही. नवऱ्यानं बायकोला किती वेळा जवळ घ्यावं, हा तिचा हक्क म्हणून मिश्नानं धंद्यागणिक लिहून ठेवलाय: रिकामटेकड्यानं रोज, मजुरानं आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्यानं एकदा, उंटवाल्यानं तीस दिवसांतून एकदा, खलाशानं सहा महिन्यांतून एकदा. कपडे अंगावर ठेवूनच जवळ येईन असा हट्ट नवऱ्यानं धरला तर तिनं घटस्फोट आणि ‘केतुबा’ची, म्हणजे लग्नकरारातली रक्कम मागावी. रव काहाना नावाचा शिष्य तर गुरूच्या पलंगाखाली लपून बसला. गुरू बायकोशी हसत-बोलत होते. त्यानं खालूनच मत दिल्यावर गुरू म्हणाले, बाहेर हो, ही काय रीत? शिष्य म्हणाला, हीही तोराच आहे, मला शिकलीच पाहिजे.

म्हणून यिखुदच्या नियमाचं दुसरं टोक लग्नाच्या दिवशी दिसतं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेच्या ज्यूंच्या लग्नात वधू-वर आदल्या रात्रीपासून नाही तरी त्या दिवशी सकाळपासून उपाशी असतात. मंडपाखाली करार वाचला जातो, पेला फुटतो, गाणी सुरू होतात. लोक टाळ्या वाजवत दोघांना एका खोलीपर्यंत पोचवतात. तिचं नाव ‘खेदेर यिखुद’, एकांताची खोली. आजवर बंद दाराआड दोघं कधी एकटी बसली नव्हती, अनेकांनी एकमेकांच्या हाताला हातही लावलेला नव्हता. आता शास्त्रच सांगतं की दार लावा. दोन साक्षीदार आधी खोली बघून घेतात, आत कुणी नाही ना. मग दाराबाहेर उभे राहतात, अंडं भाजून गिळायला लागेल तेवढा वेळ तरी. छायाचित्रकार थांबलेला असतो, वाजंत्री थांबलेली असते, पाहुण्यांना जेवायची घाई असते. आत टेबलावर झाकून ठेवलेलं ताट असतं, आणि दोघं दिवसभरातला पहिला घास खात असतात.